मोटारगाडीच्या रंगावरील पर्यावरणीय डाग

पक्ष्यांची विष्ठा, झाडांचा चीक, क्षारयुक्त पाणी, राख, डांबर, कीटक इत्यादींमुळे गाडीच्या बाह्य रंगलेपावर पडणाऱ्या डागांना पर्यावरणीय डाग म्हणतात. त्यांचे दोन प्रकार आहेत: पृष्ठभागावर चिकटलेले आणि लेपात झिरपून त्याला खाणारे. पहिला प्रकार योग्य द्रावकाने निघतो. दुसऱ्यासाठी लेपाचाच थोडा भाग घासून काढावा लागतो. साफसफाईस उशीर झाल्यास पहिल्या प्रकारातील अनेक डाग दुसऱ्या प्रकारात मोडू लागतात. पुणे जिल्ह्यातील जुन्नर व आंबेगाव या बागायती तालुक्यांत हे दोन्ही प्रकार आढळतात.

रंगलेपाची रचना

आधुनिक गाडीच्या पत्र्यावर गंजरोधक थर, प्रायमर, रंग आणि सर्वांत वर पारदर्शक लेप असतो. हा लेप सामान्यतः ४० ते ५० मायक्रोमीटर, म्हणजे मानवी केसापेक्षाही पातळ असतो. प्रत्येक पॉलिशमध्ये त्याची जाडी घटते व ती भरून येत नाही. म्हणून सर्वांत सौम्य उपाय प्रथम करणे हा डाग काढण्याचा मूळ नियम आहे.

डागांचे प्रकार व उपाय

राख: दोन्ही तालुक्यांत सहकारी साखर कारखाने आहेत. साधारणतः ऑक्टोबर-नोव्हेंबरपासून उन्हाळ्याच्या सुरुवातीपर्यंतच्या गाळप हंगामात बगॅस व पाचट जळाल्याने उडणारी राख गाड्यांवर बसते. तिच्यात सिलिका भरपूर असल्याने कोरड्या फडक्याने पुसल्यास बारीक ओरखडे पडतात. ती आधी भरपूर पाण्याने वाहून जाऊ द्यावी.

फवारणीचे थेंब: नारायणगाव परिसरातील द्राक्षबागांत वापरले जाणारे बोर्डो मिश्रण मोरचूद व चुन्यापासून बनते. वाऱ्याबरोबर आलेले त्याचे थेंब वाळल्यावर निळसर-पांढरे ठिपके उरतात.

पाण्याचे डाग: कूपनलिकेच्या जड पाण्यातील कॅल्शियम व मॅग्नेशियमचे क्षार पाणी सुकल्यावर मागे राहतात. हे डाग व बोर्डोचे ठिपके यांवर समप्रमाणात पाणी मिसळलेले पांढरे व्हिनेगर एखादा मिनिट ठेवून लगेच धुवावे.

विष्ठा: तिच्यातील आम्लामुळे, विशेषतः उन्हात, लेप खाल्ला जातो. तापलेला लेप प्रसरण पावतो आणि थंड होताना वाळलेल्या विष्ठेभोवती आकुंचन पावून तिचा ठसा धरतो. ओले फडके काही मिनिटे ठेवून ती मऊ झाल्यावर उचलून घ्यावी, घासू नये.

चीक व चिकटा: आंब्याच्या मोहोरावरील तुडतुडे गोड, चिकट स्राव सोडतात. ताजा असल्यास तो कोमट साबणपाण्याने निघतो. झाडांच्या वाळलेल्या चिकासाठी आयसोप्रोपिल अल्कोहोल वापरतात.

डांबर: मंचर, नारायणगाव व आळेफाटा येथून जाणाऱ्या पुणे–नाशिक महामार्गासारख्या रस्त्यांवर, दुरुस्तीच्या काळात, डांबराचे थेंब गाडीच्या खालच्या भागावर उडतात. ते डांबर विरघळवणाऱ्या द्रावकाने काढून ती जागा साबणाने धुतात.

दक्षता

हे काम सावलीत व पत्रा थंड असताना करावे. नवे द्रावण आधी न दिसणाऱ्या कोपऱ्यावर तपासावे. भांड्यांची पावडर, काथ्या व तारेची घासणी वापरू नये. धुतल्यावरही हाताला खरखर लागल्यास क्ले बार, आणि ठसा उरल्यास शेवटी पॉलिश वापरतात. मेणाचा थर दिल्यास डाग उशिरा चिकटतात, मात्र विष्ठेचे आम्ल त्याने पूर्णतः रोखले जात नाही.