गणपतराव देशमुख : अकरा विजय आणि दोन पराभव

१/
१९९५ च्या विधानसभा निवडणुकीत सांगोला मतदारसंघाचा निकाल अवघ्या १९२ मतांनी लागला. पराभूत झाले होते शेतकरी कामगार पक्षाचे गणपतराव देशमुख, तोवर सात वेळा निवडून आलेले. विजयी झाले काँग्रेसचे तरुण उमेदवार शहाजीबापू पाटील. गणपतरावांचे नाव आज अकरा विजयांच्या विक्रमासाठी घेतले जाते. परंतु त्यांची कारकीर्द उलगडते ती १९७२ आणि १९९५ या दोन पराभवांतून.

२/
गणपतराव मूळचे सोलापूर जिल्ह्यातील मोहोळ तालुक्यातल्या पेनूरचे. कायद्याचे शिक्षण घेऊन त्यांनी सांगोल्यात वकिली सुरू केली आणि शेकापचे काम हाती घेतले. केशवराव जेधे, शंकरराव मोरे प्रभृतींनी काँग्रेसमधून बाहेर पडून उभा केलेला हा पक्ष ग्रामीण बहुजन शेतकऱ्यांचा आवाज म्हणून ओळखला जाई. पन्नाशीच्या दशकात मात्र हे दोन्ही संस्थापक काँग्रेसमध्ये परतले होते.

३/
१९६२ मध्ये गणपतराव प्रथम विधानसभेत पोहोचले, तेव्हा यशवंतराव चव्हाणांच्या ‘बेरजेच्या राजकारणा’ने शेकापचे अनेक कार्यकर्ते काँग्रेसकडे वळत होते. साखर कारखाना, जिल्हा बँक, जिल्हा परिषद ही ग्रामीण सत्तेची सारी केंद्रे काँग्रेसभोवती उभी राहत होती. अशा काळात विरोधी पक्षात राहणे म्हणजे आपल्या तालुक्याच्या वाट्याला येणाऱ्या निधीबाबतही जोखीम पत्करणे होते. गणपतराव जागचे हलले नाहीत.

४/
१९६७ मध्ये ते पुन्हा विजयी झाले. त्या वर्षी शेकापचे १९ आमदार निवडून आले. १९७२ मध्ये इंदिरा गांधींच्या लाटेत काँग्रेसने २७० पैकी २२२ जागा जिंकल्या, शेकाप ७ वर आला आणि सांगोल्याची जागाही गेली. दोनच वर्षांनी, १९७४ च्या पोटनिवडणुकीत, मतदारांनी त्यांना परत पाठवले. त्यानंतर १९७८, १९८०, १९८५ आणि १९९० असे सलग विजय मिळाले.

५/
या काळात पदेही आली. १९७७-७८ मध्ये ते काही महिने विरोधी पक्षनेते होते. १९७८ मध्ये शरद पवारांच्या पुलोद मंत्रिमंडळात मंत्री झाले. तरीही त्यांची ओळख एसटीने प्रवास करणारा आमदार हीच राहिली. सांगोल्यात धनगर समाजाची संख्या मोठी असून गणपतराव त्याच समाजातले. हे बळ नाकारता येत नाही. मात्र तेवढ्यावर विजय निश्चित होत असता, तर हे दोन पराभव झालेच नसते.

६/
सांगोला हा पर्जन्यछायेतला तालुका. माण नदी वर्षातील बराच काळ कोरडी. इथल्या निवडणुकीत पाणी हा मुद्दा नसतो असे वर्ष सापडणे कठीण. सत्तेबाहेरच्या आमदाराला धरण बांधता येत नाही. त्याला सरकारवर दबाव तेवढा आणता येतो. १९९३ पासून आटपाडीत भरू लागलेल्या पाणी परिषदेत क्रांतिवीर नागनाथअण्णा नायकवडी यांच्यासह गणपतरावांनी हेच केले. दुष्काळी तालुक्यांनी पक्षभेद बाजूला ठेवून कृष्णेच्या पाण्यातला आपला हक्क मागितला.

७/
या मागणीला मुदतीचीही धार होती. बच्छावत लवादाने महाराष्ट्राला कृष्णेचे ५६० टीएमसी पाणी दिले होते आणि मे २००० नंतर त्या वाटपाचा फेरविचार होऊ शकणार होता. तत्पूर्वी पाणी अडवण्यासाठी युती सरकारने १९९६ मध्ये महाराष्ट्र कृष्णा खोरे विकास महामंडळ स्थापन केले. कऱ्हाडजवळ कृष्णेचे पाणी उचलून सांगोल्यापर्यंत नेणारी टेंभू योजना याच काळात आकाराला आली.

८/
आणि नेमक्या याच काळात गणपतराव विधानसभेबाहेर होते. पराभवानंतर त्यांच्यापुढे पक्षांतराची वाट मोकळी होती. शेकापचे त्या वेळी अवघे ६ आमदार उरले होते. त्यांनी पक्ष सोडला नाही, पाणी परिषदही सोडली नाही. १९९९ मध्ये सांगोल्याने त्यांना पुन्हा निवडून दिले आणि विलासराव देशमुखांच्या मंत्रिमंडळात ते मंत्री झाले. २००२ मध्ये शेकापने आघाडीचा पाठिंबा काढला, तेव्हा हे पदही संपले.

९/
पुढे २००४, २००९ आणि २०१४ असे तीन विजय. २०१४ मध्ये पंचाऐंशी ओलांडलेल्या गणपतरावांनी शिवसेनेच्या तिकिटावर उभ्या असलेल्या शहाजीबापूंना सुमारे २५ हजार मतांनी हरवले. हा अकरावा विजय. महाराष्ट्र विधानसभेत अन्य कोणालाही हा आकडा गाठता आलेला नाही. पण त्याच निवडणुकीत शेकापचे राज्यभरात केवळ ३ आमदार होते. एका मतदारसंघात माणूस मोठा होत गेला आणि राज्यात त्याचा पक्ष आटत गेला.

१०/
एकनिष्ठेची ही किंमत नोंदवायला हवी. सांगोल्याचा पाणीप्रश्न दशकानुदशके रेंगाळला, त्याला सत्तेपासूनचे अंतर हेही एक कारण होते. उलट बाजूही तितकीच खरी आहे. सतत बाहेर राहिल्यामुळेच गणपतरावांना कोणत्याही सरकारला मिंधे न राहता प्रश्न विचारता आले आणि तेरा दुष्काळी तालुक्यांच्या लढ्यात त्यांचा शब्द सर्वांना मान्य होऊ शकला.

११/
२०१९ मध्ये वयोमानामुळे ते रिंगणाबाहेर राहिले. नातू डॉ. अनिकेत देशमुख उभे राहिले आणि शहाजीबापूंकडून ७६८ मतांनी हरले. म्हणजे आजोबांची पुण्याई जवळजवळ पूर्ण उतरली, पण पुरली नाही. ३० जुलै २०२१ रोजी गणपतरावांचे सोलापुरात निधन झाले.

१२/
२०२४ मध्ये दुसरे नातू डॉ. बाबासाहेब देशमुख यांनी शहाजीबापूंचा पराभव करून सांगोला परत मिळवले. संपूर्ण राज्यात शेकापचा तो एकमेव आमदार. ज्या पक्षाचे १९६७ मध्ये १९ आमदार होते, त्याचे विधानसभेतील अस्तित्व आज एका घराच्या नावावर टिकून आहे. घराणेशाहीपासून दूर असलेल्या कार्यकर्त्यांच्या पक्षाचा प्रवास इथवर यावा, हा गणपतरावांच्या विक्रमामागे उरलेला, न सुटलेला प्रश्न आहे.