तारीख नसलेली बॅग

जून उजाडला की आमच्या जालन्यात 'बॅग' या शब्दाचा एकच अर्थ उरतो. बियाण्याची बॅग. "कपाशीच्या किती बॅगा आणल्या?" "सोयाबीनची बॅग कितीला दिली?" चहाच्या टपरीवर दुसरा विषय नसतो. दुकानात शेतकरी बॅग हातात घेतो, उलटी करतो आणि किमतीच्या शेजारी छापलेली तारीख बघतो. चाचणी कधीची, वैधता कधीपर्यंत. प्रमाणित बियाण्याची वैधता चाचणीच्या तारखेपासून नऊ महिने. मग पुन्हा उगवण तपासायची, पास झालं तर सहा महिन्यांची मुदतवाढ. बी जिवंत असतं, श्वास घेतं, म्हातारं होतं. सोयाबीनचं तर फारच लवकर. 2020 च्या खरिपात मराठवाड्यात सोयाबीन न उगवल्याच्या इतक्या तक्रारी आल्या की उच्च न्यायालयाच्या औरंगाबाद खंडपीठाने स्वतःहून दखल घेतली होती. त्यामुळे तारीख बघणं हा आमच्याकडे जगण्या-मरण्याचा विषय आहे.

2025 च्या खरिपात बीटी कपाशीची 475 ग्रॅमची बॅग 901 रुपयांना होती. त्याच खरिपात, 10 जुलैला, पॅरिसमध्ये सदबीज या लिलाव कंपनीने दुसरी एक बॅग विकली. हर्मेस कंपनीने 1980 च्या दशकात जेन बर्किन या अभिनेत्रीसाठी बनवलेली पहिली बर्किन बॅग. वर्षानुवर्षं वापरलेली, चरे पडलेली. किंमत आली 86 लाख युरो, म्हणजे साधारण 86 कोटी रुपये.

ठीक आहे, ती लिलावातली, इतिहास असलेली वस्तू. पण दुकानातली नवी कोरी महागडी बॅगसुद्धा बनून दोन-चार वर्षं झाली तरी पूर्ण किमतीला विकली जाते आणि गिऱ्हाईक कुरकुर करत नाही. हे कसं काय? इकडे नऊ महिन्यांत बॅग बाद, तिकडे चाळीस वर्षांत बॅग सोन्याहून महाग. यात फसवणूक आहे का?

कायद्याने पाहिलं तर नाही. आपल्याकडे पॅकबंद वस्तूवर ती कधी बनली तो महिना आणि वर्ष छापावं लागतं. पण 'अमुक तारखेच्या आत वापरा' हे लिहायचं बंधन नासणाऱ्या, खाण्यापिण्याच्या वस्तूंना. हँडबॅगला नाही, कारण ती नासत नाही.

का नासत नाही, हे आपल्या आजोबांना चांगलं माहीत होतं. विहिरीवरची मोट आठवा. ती आपल्या गावांतली चामड्याची बॅगच होती. कच्चं कातडं चार दिवसांत कुजतं. पण बाभळीच्या, तरवडाच्या सालीत किंवा हिरड्याच्या पाण्यात ते कमावलं की सालीतला तुरट अर्क कातड्यातल्या तंतूंना घट्ट धरून ठेवतो. कुजणं थांबतं. अशी मोट रोज पाण्यात बुडून, रोज उन्हात वाळून टिकायची. मग कोरड्या, थंड गोदामात कापडी पिशवीत ठेवलेल्या बॅगेला चार वर्षं म्हणजे काहीच नाही. हर्मेस कंपनी मुळात 1837 मध्ये घोड्यांचं सामान बनवणारी म्हणून सुरू झाली होती. ऊन-पाऊस-घाम खाऊन टिकणारं चामडं हाच तिचा धंदा होता.

सगळ्या बॅगा अशा नसतात हेही सांगतो. 'लेदरसारखी दिसणारी' जी रेक्झिन किंवा पीयूची बॅग आपण लग्नासाठी घेतो आणि कपाटात जपून ठेवतो, तिचे तीन-चार वर्षांत पापुद्रे निघतात. न वापरताही. हवेतला ओलावा तो थर आतून तोडत असतो. तेव्हा अशी बॅग घेताना बनल्याचं वर्ष जरूर बघा.

पण टिकाऊपणा हे अर्धंच उत्तर झालं. दगडही टिकतो, म्हणून तो महाग होत नाही. दुसरं अर्धं उत्तर असं की या कंपन्यांना थांबणं परवडतं. नमुना तोच ठेवायचा, म्हणजे माल जुना दिसत नाही. कमी बनवायचं, म्हणजे मागणी शिल्लक राहते. आणि काही झालं तरी भाव पाडायचा नाही. हा हट्ट कुठवर जातो? 2017-18 या एका वर्षात बर्बेरी या ब्रिटिश कंपनीने 2 कोटी 86 लाख पौंडांचा न विकलेला माल नष्ट केला, स्वस्तात बाजारात जाऊ नये म्हणून. आरडाओरड झाल्यावर ते बंद केलं. फ्रान्सने तर 2022 पासून न विकलेला कपडालत्ता आणि तत्सम माल नष्ट करण्यावर कायद्यानेच बंदी आणली. जो स्वतःचा माल जाळायला तयार आहे, त्याला कोण म्हणणार की उद्या सकाळपर्यंत विक?

आता हे सगळं पॅरिस-लंडनचं कौतुक वाटेल. पण हा धंदा आपल्या जिल्ह्यानेही केलेला आहे, दोन हजार वर्षांपूर्वी.

भोकरदन. जुनं नाव भोगवर्धन. सांचीच्या स्तूपाला दान देणाऱ्यांच्या लेखांत हे गावाचं नाव सापडतं. सातवाहनांच्या काळात उज्जैन आणि पैठणला जोडणाऱ्या व्यापारी वाटेवरचं हे गाव. 1970 च्या दशकात इथे उत्खनन झालं, त्यात हस्तिदंताची एक स्त्रीमूर्ती मिळाली. आणि तिकडे इटलीत, ज्वालामुखीच्या राखेखाली इसवी सन 79 मध्ये गाडल्या गेलेल्या पॉम्पेई शहरात, 1938 साली एका घरात साधारण 25 सेंटिमीटर उंचीची हस्तिदंती भारतीय मूर्ती सापडली. 'पॉम्पेई लक्ष्मी' म्हणून ती जगात ओळखली जाते, आज नेपल्सच्या संग्रहालयात आहे. लक्ष्मी की यक्षी यावर वाद आहे. पण भोकरदनच्या मूर्तीशी तिचं इतकं साम्य आहे की ती भोकरदनलाच घडली असावी असं काही अभ्यासक मानतात. सगळे मानत नाहीत. पण ती दख्खनच्या या पट्ट्यातल्या कामाशी नातं सांगते, हे उघड दिसतं.

अशी वस्तू तिकडे जायची कशी, ते बघा. त्या शतकातल्या ग्रीक खलाशांच्या 'पेरिप्लस' या मार्गदर्शिकेत लिहिलंय की पैठण हे भडोचच्या बंदरापासून दक्षिणेला वीस दिवसांच्या वाटेवर आहे. भडोचहून निघणाऱ्या मालाच्या यादीत हस्तिदंत आहे. घाटवाटा उतरून, बैलांच्या पाठीवरून माल बंदरात. मग वाऱ्याची वाट बघायची. मिसरहून जहाजं जुलैच्या सुमाराला मोसमी वाऱ्यावर निघायची आणि वारे उलटले की डिसेंबर-जानेवारीत परत फिरायची. वारा चुकला की वर्ष गेलं. पुढे तांबडा समुद्र, वाळवंट, नाईल नदी, अलेक्झांड्रिया, मग रोमचा बाजार. घडवल्यापासून विकली जाईपर्यंत किती वर्षं गेली असतील कोण जाणे. ज्वारीची गोणी या प्रवासाला परवडली नसती. जे थांबू शकतं, आकाराने लहान आणि मोलाने मोठं, तेच एवढं लांब जाऊ शकतं. चैनीच्या वस्तूंचा व्यापार तेव्हापासून याच एका नियमावर चालत आलाय.

आणि या नियमाचा दुसरा भागही जुनाच आहे. थांबण्याचा नफा घडवणाऱ्याला मिळत नाही. ज्याला थांबणं परवडतं त्याला मिळतो.

आजचं उदाहरण घ्या. राज्यातली पहिली रेशीम कोषांची बाजारपेठ 2018 मध्ये आपल्या जालना बाजार समितीत सुरू झाली. त्याआधी आपले शेतकरी कोष घेऊन पार कर्नाटकात रामनगरला जायचे. कोष तयार झाला की शेतकऱ्याच्या हातात मोजके दिवस असतात. उशीर झाला तर आतला पतंग कोष फोडून बाहेर येतो, धागा तुटतो, भाव जातो. पण त्याच रेशमाची पैठणी झाली की ती दुकानात दोन वर्षं राहो, पेटीत पन्नास वर्षं राहो, मोल कमी होत नाही. पूर्वी दारावर जुनी जरीची लुगडी घेणारे यायचे, लुगडं जाळून जरीतली चांदी काढायचे. म्हणजे फाटलेल्या पैठणीलाही किंमत होती. एकाच धाग्याच्या एका टोकाला आठवडा आणि दुसऱ्या टोकाला आयुष्य.

कोषाचं निसर्गाने ठरवलंय, मान्य. पण कापूस, सोयाबीन, तूर? ही काही आठवड्यात नासत नाहीत. तरी शेतकरी दिवाळीच्या आधी, भाव पडलेला असताना विकतो. पूर्वी घरात बळद असायची, जमिनीत पेव असायचं. ज्वारी वर्षानुवर्षं राहायची, दुष्काळात उघडायची. म्हणजे थांबायची सोय घरातच होती. 1900 च्या सुमाराला निजामाच्या राज्यात मनमाड-हैदराबाद रेल्वे जालन्यावरून धावू लागली, जिनिंग-प्रेसिंग वाढलं, शेत कापसाकडे वळलं. 'जालना सोने का पालना' म्हणतात ते व्यापाराच्या भरभराटीमुळेच. पण कापूस पेवात मावत नाही आणि खाताही येत नाही. बियाण्याची, खताची उधारी मात्र माल निघायची वाटच बघत असते. पुढे राज्याने 1972 पासून कापूस एकाधिकार खरेदी चालवली, तीही कालांतराने गेली.

नुसतं थांबलं की भाव मिळतो, असंही नाही. 2021-22 मध्ये कापूस दहा हजारांच्या पुढे गेला म्हणून पुढच्या वर्षी लोकांनी घरात साठवला. भाव उतरला, घरभर कापूस आणि अंगाला खाज. 2025 च्या ऑगस्टमध्ये तर ऐन हंगामाच्या तोंडावर केंद्राने कापसावरचं 11 टक्के आयात शुल्क काढून टाकलं आणि सवलत डिसेंबरअखेरपर्यंत वाढवली. हर्मेसच्या बॅगेचा भाव हर्मेस ठरवते. आपल्या कापसाचा भाव दिल्लीतल्या एका अधिसूचनेवर हलतो.

तरीही थांबायची ताकद थोडीफार परत मिळू शकते. पणन मंडळाची शेतमाल तारण कर्ज योजना 1990-91 पासून आहे. सोयाबीन, तूर, हरभरा, मका असा माल बाजार समितीच्या गोदामात ठेवायचा, किमतीच्या 75 टक्क्यांपर्यंत रक्कम 6 टक्के व्याजाने 180 दिवसांसाठी घ्यायची आणि भाव पाहून विकायचं. उधारीवाल्याचं तोंड बंद, माल आपलाच. कागदावर चोख योजना. पण त्यासाठी समितीकडे गोदाम हवं, हातात पैसा हवा आणि राबवायची इच्छा हवी. गावात विचारून बघा, किती जणांना ती माहीत आहे.

म्हणून एवढंच सांगणं आहे. बियाण्याची बॅग घेताना तारीख बघताच, ती बघाच, पावती आणि टॅग जपून ठेवा. त्याच वेळी आपल्या तालुक्याच्या बाजार समितीत जाऊन विचारा: यंदा तारण योजना सुरू आहे का? गोदामात जागा किती? मागच्या वर्षी किती शेतकऱ्यांना रक्कम दिली? भोकरदन असो, अंबड असो की परतूर, जे उत्तर मिळेल ते खाली लिहा. आठही तालुक्यांचं उत्तर एकत्र झालं की पुढे कुणाला जाब विचारायचा ते ठरवू.