मुरायला वीस वर्षं

२००१ च्या शरदात स्पेनमध्ये, एब्रो नदीच्या एका मोठ्या वळणावर द्राक्षं खुडली गेली. खुडणाऱ्यांच्या हातात मजुरीच्या पेसेटाच्या नोटा पडल्या असणार, कारण युरोच्या नोटा यायला अजून दोन-तीन महिने होते. त्या द्राक्षांचा रस मोठ्या लाकडी हौदांत आंबला, पिंपांत गेला, सुमारे दहा वर्षं पिंपांतच राहिला. मग बाटल्या भरल्या, आणि त्याही तळघरात वर्षानुवर्षं पडून राहिल्या. ‘विन्या तोंदोनिया ग्रान रेसेर्वा २००१’ ही रेड वाईन बाजारात आली तेव्हा खुडणीला जवळपास वीस वर्षं होत आली होती. जिच्यात मजुरी दिली, ते चलनच मधल्या काळात नाहीसं झालं.

रियोहा प्रांताचा नियम असा की ‘ग्रान रेसेर्वा’ म्हणवून घ्यायचं तर रेड वाईन पाच वर्षं मुरवावी, त्यातली किमान दोन वर्षं ओकच्या पिंपांत. नियमात बसायला तेवढं पुरतं. तरीही लोपेझ दे एरेदिया हे घराणं त्याच्या कितीतरी पट थांबतं. का, असं विचारलं की सहसा एका शब्दात उत्तर मिळतं: परंपरा. हा शब्द ऐकला की आपण मान डोलावतो आणि पुढचं विचारत नाही. पण वाईन मुरत असते तेव्हा पैसाही अडकून पडलेला असतो. मजुरी, पिंपं, तळघराची निगा यांवरचा खर्च आज होतो आणि परतावा पुढच्या पिढीच्या हातात पडतो. म्हणून या वाईनच्या इतिहासात मला एकच प्रश्न महत्त्वाचा वाटतो: थांबण्याचे पैसे कोणी दिले?

अठराव्या शतकाच्या शेवटी त्याचं उत्तर होतं, ‘कोणीच नाही’. रियोहात तेव्हा द्राक्षं दगडी टाक्यांत तुडवत आणि तयार वाईन बकऱ्याच्या कातड्याच्या पखालीत भरून खेचरांवरून डोंगरापलीकडे नेत. ती टिकत नसे. पुढचा उन्हाळा आला की आंबूस व्हायची, म्हणून मिळेल त्या भावाने विकून मोकळं व्हायचं. लाबास्तिदा गावच्या मान्युएल किंतानो या धर्मगुरूने १७८० च्या दशकात फ्रान्समधल्या बोर्दोची पद्धत शिकून घेतली. वाईन ओकच्या पिंपांत ठेवायची, गाळ खाली बसला की वरची स्वच्छ वाईन दुसऱ्या पिंपात उपसायची, असं वारंवार करायचं. त्याची वाईन समुद्रापार क्यूबापर्यंत गेली आणि शाबूत राहिली. प्रयोग यशस्वी झाला, पण व्यवहार जमला नाही. वाईनचा भाव बांधलेला होता. पिंपं विकत घेऊन, वर्षं घालवून केलेल्या वाईनलाही पखालीतल्या वाईनइतकाच भाव. जास्त भाव घ्यायला शेजारच्या बागाईतदारांचाच विरोध होता. त्यांच्या बाजूने पाहिलं तर तेही समजण्यासारखं आहे, कारण पिंपं घेण्याइतके पैसे त्यांच्याकडे नव्हते. किंतानोचा प्रयोग तिथेच विझला.

पुढची पाऊणशे वर्षं फार काही घडलं नाही. १८५० आणि ६० च्या दशकांत लंडनमध्ये निर्वासित म्हणून राहिलेले मुर्रिएता आणि बोर्दोत वास्तव्य केलेले मार्केस दे रिस्काल यांनी पिंपांची पद्धत पुन्हा आणली. दोघांकडे वाईनखेरीज इतर आधार होता. थांबण्याचे पैसे त्यांनी स्वतःच्या खिशातून दिले.

सगळं बदललं ते एका किड्यामुळे. फिलॉक्सेरा हा माव्याच्या जातकुळीतला, द्राक्षवेलीच्या मुळांवर जगणारा सूक्ष्म कीटक. अमेरिकेतून आलेल्या रोपांसोबत तो फ्रान्समध्ये शिरला. १८६० च्या दशकात रोन नदीच्या खोऱ्यातल्या वेली वाळू लागल्या आणि १८६८ मध्ये प्लांशों या वनस्पतिशास्त्रज्ञाने व त्याच्या सहकाऱ्यांनी मुळांवर हा कीटक पाहिला. तोवर फार उशीर झाला होता. पुढच्या दोन दशकांत फ्रान्समधल्या बागाच्या बागा उजाड झाल्या. गिऱ्हाईक होतं, वाईन नव्हती. फ्रेंच व्यापारी पिरेनीज ओलांडून दक्षिणेला आले आणि त्यांना आरो हे गाव सापडलं. (नावातला ‘एच’ स्पॅनिशमध्ये मुका असतो, म्हणून ‘हारो’ नव्हे.) १८६३ मध्ये तिथून बिल्बाओ बंदराकडे जाणारा लोहमार्ग सुरू झाला होता. पखाली आणि खेचरांची जागा मालगाडीने घेतली. वाईनच्या कोठारांना मळ्यांपेक्षा स्टेशन जवळचं वाटू लागलं. आरोच्या स्टेशनाभोवतीच्या वस्तीत आजही शंभरी ओलांडलेल्या वायनऱ्या शेजारी शेजारी उभ्या आहेत.

या गर्दीत राफाएल लोपेझ दे एरेदिया हा तरुण होता. जन्म चिलीतला, घराणं बास्क, व्यापाराचं शिक्षण फ्रान्सच्या बायोन शहरात. १८७७ मध्ये त्याने आरोत स्वतःच्या वायनरीचा पाया घातला. म्हणजे ज्या पद्धतीला आज आपण ‘पारंपरिक स्पॅनिश’ म्हणतो, ती त्या वेळी परदेशी होती. तंत्र बोर्दोचं आणि त्याची निकड भासवणारा किडा अमेरिकेचा. २२५ लिटरचं ओकचं पिंप हे त्या काळच्या आरोत नवं यंत्र आणल्यासारखं होतं.

गावात पैसा आला. १८९० मध्ये आरोच्या रस्त्यांवर विजेचे दिवे लागले, तेही स्पेनमधल्या बहुतेक शहरांच्या कितीतरी आधी. अंधारातून प्रवास करणारे लांबून उजेड दिसला की ‘आलं आरो, दिवे दिसायला लागले’ असं म्हणत, ते आजही स्पॅनिशमध्ये म्हणीसारखं वापरलं जातं. पण या भरभराटीतली बरीच वाईन मुरवलेली नव्हतीच. ती कोवळी, ठोक भावाने, फ्रेंच वाईनमध्ये मिसळण्यासाठी जायची. फ्रान्सला घाई होती आणि घाईचे पैसे रोख मिळत होते.

मग घाई संपली. अमेरिकी वेलीच्या खुंटावर युरोपीय वेलीचं कलम केलं तर कीटक मुळांना मारू शकत नाही, हा उपाय फ्रेंचांना सापडला. (कलमाची ही गोष्ट महाराष्ट्रातल्या द्राक्ष बागाईतदाराला वेगळी सांगायला नको. त्याच्या बागेतला ‘डॉगरिज’ हा खुंटही अमेरिकीच. फक्त इथे तो पाण्याचा ताण आणि खारट जमीन सोसतो म्हणून लावतात.) बागा पुन्हा उभ्या राहिल्या. १८९२ मध्ये दोन देशांमधला व्यापारी करार संपला आणि फ्रान्सने जकात वाढवली. १८९९ मध्ये फिलॉक्सेरा रियोहातही पोचला. सात वर्षांत गिऱ्हाईकही गेलं आणि वेलीही गेल्या.

अशा वेळी कोण टिकलं? ज्यांच्या तळघरात विकण्यासारखं काही उरलं होतं ते. कोवळी ठोक वाईन विकणाऱ्याकडे पीक बुडालं की हातात काहीच नसतं. मुरवणाऱ्याकडे मागच्या अनेक वर्षांची पिकं पिंपांत आणि बाटल्यांत साठवलेली असतात, आणि बाटलीवर स्वतःचं नाव असतं. इतकी वर्षं जो निव्वळ खर्च दिसत होता तो संकटात विमा ठरला. घराणी जपणूक का करतात हे मला इथे कळतं. त्यात जुन्याबद्दलची माया असेल, पण अडीअडचणीचा हिशेबही असतो.

राफाएलने पुढचं पाऊल टाकलं ते सगळे बिचकत असताना. १९१३-१४ मध्ये त्याने एब्रोच्या उजव्या तीरावर, नदीने तीन बाजूंनी वेढलेली शंभर हेक्टरांहून जास्त जमीन घेतली आणि तिच्यावर कलमी वेली लावल्या. हाच तोंदोनियाचा मळा. तेंप्रानियो ही मुख्य जात. तिच्यासोबत गार्नाचा, आणि थोड्या प्रमाणात ग्रासियानो व मासुएलो. ‘तेंप्रानो’ म्हणजे लवकर. ही जात लवकर पिकते, हे नाव अशा सावकाश वाईनला मिळावं याची गंमत वाटते. या मिश्रणातल्या मासुएलो आणि ग्रासियानोचा आंबटपणा फार मोलाचा. ज्या वाईनमध्ये आंबटपणा कमी ती वीस वर्षांत मुरत नाही, नुसती म्हातारी होते.

तळघरात काय घडतं ते आता पाहू. पिंपाचं लाकूड हवाबंद नसतं. त्यातून प्राणवायू अगदी थोडा, सतत आत झिरपतो. वाईनमधले टॅनिनचे रेणू एकमेकांना जोडले जातात, तुरटपणा मऊ होतो, रंग जांभळ्याकडून विटकरीकडे सरकतो, ताज्या फळाचा वास मागे पडून सुक्या फळाचा, चामड्याचा, पालापाचोळ्याचा वास येऊ लागतो. पिंपं जुनी असतात, त्यामुळे लाकडाचा नवा, व्हॅनिलासारखा वास वाईनवर चढत नाही. ती पिंपं वायनरीतच बनतात, तिथेच दुरुस्त होतात. ओक अमेरिकेतल्या अपालाशियन पर्वतरांगांमधला. वर्षातून साधारण दोनदा वाईन हाताने उपसून दुसऱ्या पिंपात घेतात, गढूळपणा जावा म्हणून अंड्याचा पांढरा भाग घालतात. बाटल्यांवर कोळ्यांची जाळी लोंबत असतात आणि ती कोणी झाडत नाही, कारण बुचं पोखरणाऱ्या पतंगांचा बंदोबस्त कोळी करतात. दहा वर्षांत एकेका पिंपाला वीसएक वेळा माणसाचा हात लागतो. ‘काही न करता थांबणं’ म्हणतात ते हे नव्हे.

१९७० पासून रियोहाची हवा बदलली. त्या वर्षी मार्केस दे कासेरेस ही वायनरी बोर्दोचे नामवंत वाईनतज्ज्ञ एमिल पेनो यांच्या सल्ल्याने सुरू झाली: स्टीलच्या टाक्या, नियंत्रित तापमान, नवं फ्रेंच ओक, पिंपांत कमी मुक्काम. १९९० च्या दशकात तर गडद, दाट, फळाचा स्वाद ठासून भरलेल्या वाईनलाच समीक्षकांचे भरघोस गुण मिळू लागले. या बदलाला नावं ठेवणं सोपं आहे, पण ते न्यायाचं होणार नाही. जुन्या पद्धतीच्या नावाखाली कळकट पिंपांत सुकून गेलेल्या, जीव हरवलेल्या वायनीही बऱ्याच बनत होत्या. स्वच्छ टाकीने सामान्य गिऱ्हाइकाला परवडणारी, निर्दोष वाईन दिली. शिवाय कर्ज काढून वायनरी उभारणाऱ्याने दहा वर्षं थांबावं असं सांगणारे आपण कोण? बँकेचा हप्ता दर महिन्याला येतो.

लोपेझ दे एरेदिया थांबू शकले त्याचं कारण निव्वळ निष्ठा नव्हती. मळे स्वतःचे, म्हणजे द्राक्षं विकत घ्यायची नाहीत. पिंपं स्वतःची. आणि मालकी कुटुंबाची. दर तीन महिन्यांनी नफा मागणारा भागधारक नाही. राफाएलच्या पिढीने गुंतवलेलं भांडवल नातवंडं-पतवंडं वापरत होती. तरीही निष्ठेचा वाटा उरतोच. गुणांची लाट असताना या घरच्या फिकट, विटकरी वायनी कित्येकांना जुनाट वाटत. मार्ग बदलणं सहज शक्य होतं. तो बदलला नाही, आणि लाट ओसरल्यावर त्याच वायनींच्या मागे जगभरचे संग्राहक लागले.

आज कारभार चौथ्या पिढीकडे, मारिया होसे, मेर्सेदेस आणि हुलिओ सेसार या भावंडांकडे आहे. हे घर नव्याला घाबरतं असं समजू नये. १९१० च्या ब्रसेल्स प्रदर्शनासाठी खापरपणजोबांच्या काळात नव्हे, खुद्द पणजोबा राफाएलच्या काळात बनवलेला लाकडी मंडप अडगळीतून निघाला, तेव्हा त्याच्यावर छत्र धरायला त्यांनी झाहा हदीद यांना बोलावलं. २००६ मध्ये स्टेशनाजवळच्या त्या जुन्या आवारात वाईनच्या सुरईच्या आकाराची एक चकचकीत, आधुनिक वास्तू उभी राहिली आणि तिच्या पोटात तो जुना मंडप बसला. पणजोबाही त्यांच्या काळात नव्याच्याच बाजूने होते, हे लक्षात घेतलं तर यात विसंगती दिसत नाही.

आता थांबण्याचे पैसे शेवटी गिऱ्हाईक देतं. ज्या बाटल्या एकेकाळी रसिकांना वाजवी किमतीत मिळत, त्या महाग आणि दुर्मीळ झाल्या आहेत. किंतानोला जो वेगळा भाव मिळाला नाही, तो अखेर मिळाला. पण त्यामुळेच ही वाईन साध्या जेवणाच्या टेबलावरून दूर चालली आहे. ही या गोष्टीतली खंत आहे आणि तिच्यावर उपाय मला दिसत नाही.

नाशिकमध्येही हल्ली तेंप्रानियो लावतात. तिथली सुला ही वायनरी १९९९ मध्ये सुरू झाली. म्हणजे पाव शतक झालं. आरोच्या या घराण्याच्या १८७७ मध्ये पंचवीस मिळवले तर १९०२ येतं. फिलॉक्सेरा नुकताच गावात आला होता, फ्रेंच निघून गेले होते, आणि तोंदोनियाचा मळा घ्यायला अजून अकरा-बारा वर्षं होती.