दुसरा शिक्षक कुठे गेला?

अकोले तालुक्यात भंडारदऱ्याच्या पाणलोटाभोवती विखुरलेल्या वाड्यांवर जिल्हा परिषदेच्या दोन शिक्षकी शाळा आहेत. पाच वर्ग आणि दोन गुरुजी. यांतला दुसरा शिक्षक कायद्याने आला कधी आणि त्याची जागा डळमळीत कधी झाली, हे सरकारी कागदांवरून बऱ्यापैकी नेमके सांगता येते.

पहिला कागद शिक्षण हक्क कायदा, 2009. तो 1 एप्रिल 2010 रोजी लागू झाला. त्याच्या अनुसूचीत पहिली ते पाचवीसाठी 60 मुलांपर्यंत दोन शिक्षक सांगितले आहेत. 60 ही वरची मर्यादा आहे, खालची मर्यादा दिलेलीच नाही. मग कमी पटाच्या शाळा ठरवणारा 20 हा आकडा आला कुठून? राज्याच्या 2011 च्या नियमांत तो सापडतो. वस्तीत 6 ते 11 वयोगटातील किमान 20 मुले असतील तर 1 किलोमीटरच्या आत शाळा हवी, असा तो नियम आहे. तिथे 20 हा शाळा उघडण्याचा निकष आहे. पुढे हाच आकडा चालू शाळांतले शिक्षक मोजायला वापरला गेला. ही उसनवारी जाणूनबुजून झाली असे कागदांवरून सिद्ध होत नाही. आकडा तोच आहे, एवढेच खात्रीने म्हणता येते.

दुसरा पुरावा 2021-22 च्या यू-डायस (शाळांच्या सरकारी नोंदीच्या) माहितीचा. राज्यात 20 पेक्षा कमी पटाच्या शाळा 14,783, विद्यार्थी 1,85,467 आणि शिक्षक 29,707. भागाकार केला तर दर शाळेमागे साडेबारा मुले आणि दोन शिक्षक येतात. ही सरासरी आहे. एखाद्या शाळेत एकच शिक्षक असेल, दुसरीत तीन. पण एकूण हिशेबात दुसरा शिक्षक तेव्हा जागेवर होता, याला यापेक्षा स्वच्छ पुरावा मिळणे कठीण.

आता 15 मार्च 2024 चा संचमान्यतेचा, म्हणजे शाळेला किती शिक्षकपदे मंजूर हे ठरवणारा, शासन निर्णय पाहू. 20 पर्यंत पट असेल तर एक नियमित शिक्षक. दुसरा सेवानिवृत्तांमधून घ्यायचा, तसा न मिळाल्यास नियमित. जागा राहिली, पण तिचा दर्जा बदलला. दुसऱ्याच दिवशी, 16 मार्चला, लोकसभेची आचारसंहिता लागली. निर्णयाची घाई त्यामुळेच झाली असावी असा माझा अंदाज आहे. तारखांची जवळीक यापलीकडे त्याला आधार नाही.

पुढचा निर्णय 5 सप्टेंबर 2024 चा, म्हणजे शिक्षक दिनाचा. कमी पटाच्या शाळांत दोनपैकी एक जागा कंत्राटी, मानधन दरमहा 15,000 रुपये. हा आकडा शेजारच्या आकड्यांपाशी ठेवून पाहा. जुलै 2023 मध्ये सेवानिवृत्तांना 20,000 ठरले होते. प्राथमिकच्या शिक्षण सेवकाला 1 जानेवारी 2023 पासून 16,000 मिळत होते. 2000 साली 3,000 रुपयांवर सुरू झालेल्या शिक्षण सेवक योजनेवर शिक्षक संघटनांनी वर्षानुवर्षे टीका केली. तरी तीन वर्षांनंतर नियमित होण्याची वाट तिच्यात होती. कंत्राटी शिक्षकाला शिक्षण सेवकाहून हजार रुपये कमी, आणि ती वाटही नव्हती. डोंगरातल्या मुलांच्या शिक्षकाची किंमत इतकी खाली आणणे मला अन्यायाचे वाटते.

संघटनांनी 25 सप्टेंबरला राज्यभर सामूहिक रजेची आणि मोर्च्यांची हाक दिली. त्याच्या दोन दिवस आधी, 23 तारखेला, नवा निर्णय निघाला आणि मर्यादा 20 वरून 10 वर आली. दडपण जाणवले असावे. पण क्रम म्हणजे कारण नव्हे. माघार पुरेशी वाटली नाही, एवढे मात्र नक्की, कारण मोर्चे ठरल्या दिवशीच निघाले.

रजा आणि मोर्चा हेच साधन का, याचे एक संभाव्य उत्तर राज्यघटनेच्या अनुच्छेद 171 मध्ये आहे. अकोले तालुका ज्यात आहे तो नगर जिल्हा विधान परिषदेच्या नाशिक विभाग शिक्षक मतदारसंघात येतो. तिथली निवडणूक 26 जून 2024 रोजी झाली. पण मतदार होण्यासाठी किमान माध्यमिक दर्जाच्या संस्थेत शिकवावे लागते. ज्यांच्या जागा कंत्राटी होणार होत्या, त्या प्राथमिक शिक्षकांना शिक्षकांचा आमदार निवडण्याचा अधिकारच नाही. मला हा या प्रकरणातला सर्वांत बोलका पुरावा वाटतो.

ऑक्टोबर 2024 मध्ये जिल्ह्याचे नाव अहिल्यानगर झाले, नोव्हेंबरमध्ये विधानसभेची निवडणूक झाली. 10 फेब्रुवारी 2025 रोजी कंत्राटी नियुक्तीचा निर्णय रद्द झाला. नाव बदलल्यामुळे या प्रकरणाचे कागद जिल्ह्याच्या दोन नावांखाली शोधावे लागतात.

संघटनांच्या दृष्टीने हा विजय होता. त्याचे माप मात्र पुढच्या कागदावरून घ्यावे लागते. रद्द झाली ती कंत्राटी नेमणूक. मार्च 2024 चे संचमान्यतेचे निकष तसेच राहिले. 5 डिसेंबर 2025 रोजी राज्यात पुन्हा शाळा बंद आंदोलन झाले. शिक्षक पात्रता परीक्षेच्या सक्तीला विरोध ही त्यातली मोठी मागणी होती. त्याच मागणीपत्रात 15 मार्च 2024 चा शासन निर्णय रद्द करा, ही मागणीही होती.