किल्ली घरात, गाडी पसार

१/
२५ जून २०१३ रोजी लंडनच्या उच्च न्यायालयाने तीन संशोधकांना त्यांचा शोधनिबंध ठरल्याप्रमाणे प्रसिद्ध करण्यास मनाई केली. निबंधाचा विषय होता मोटारीच्या किल्लीत बसवलेली एक इवलीशी चिप. ऑगस्टमध्ये वॉशिंग्टन येथील परिषदेत तो वाचला जाणार होता. हा निबंध बाहेर आला तर लाखो गाड्यांची वाट चोरांना मोकळी होईल, असे फोक्सवॅगन कंपनीचे म्हणणे होते. दोष झाकून ठेवल्याने तो नाहीसा होत नाही, हे संशोधकांचे म्हणणे होते. विजेऱ्या किल्लीच्या साऱ्या इतिहासात हा वाद पुन्हा पुन्हा उभा राहतो.

२/
वाद जुना आहे, आणि योगायोगाने त्याचे गावही तेच. १८५१ साली लंडनच्या हाइड पार्कमध्ये जगप्रसिद्ध महाप्रदर्शन भरले होते. त्या निमित्ताने अमेरिकेहून आलेल्या आल्फ्रेड हॉब्ज या कुलूपतज्ज्ञाने चब कंपनीचे नावाजलेले कुलूप काही मिनिटांत उघडून दाखवले. मग तो पिकॅडिलीतील ब्रामा यांच्या दुकानाकडे वळला. हे कुलूप उघडणाऱ्यास २०० गिनी इनाम, अशी पाटी तेथे कित्येक वर्षे झळकत होती. हॉब्जने १६ दिवसांच्या अवधीत एकूण ५१ तास खपून तेही उघडले.

३/
लंडनमध्ये खळबळ उडाली. असली विद्या चारचौघांत दाखवणे म्हणजे चोरांची शिकवणी घेणे, अशी टीका झाली. कुलपांची मर्मस्थाने चोरांना आधीपासूनच ठाऊक असतात, अंधारात असतो तो कुलूप विकत घेणारा, हे त्यावरचे उत्तर होते. पुढे १८८३ साली ऑग्युस्त केर्कहॉफ्स या भाषापंडिताने लष्करी गुप्तलेखनाविषयी लिहिताना हेच तत्त्व मांडले. यंत्रणेची रचना शत्रूच्या हाती पडली तरी बिघडता कामा नये; गुप्त असावी ती फक्त किल्ली.

४/
मोटारीच्या किल्लीत वीज शिरली ती १९८० च्या दशकात. जनरल मोटर्सने १९८६ च्या कॉर्व्हेट गाडीच्या किल्लीत एक छोटासा विद्युतरोधक बसवला. त्याचे मूल्य जुळले तरच इंजिन सुरू व्हायचे. पण अशी मूल्ये होती अवघी पंधरा. पंधरा नमुने जवळ बाळगणाऱ्यासाठी हा अडथळा म्हणजे थोडा अधिक वेळ, एवढाच होता. तरी कल्पना रुजली: धातूच्या दात्यांखेरीज किल्लीने आपली ओळख पटवणारे आणखी काही सांगितले पाहिजे.

५/
बर्लिनची भिंत पडल्यानंतर जर्मनीत मोटारचोऱ्या झपाट्याने वाढल्या. भरपाई देऊन मेटाकुटीस आलेल्या विमा कंपन्यांनी वाहननिर्मात्यांवर दबाव आणला, आणि त्यातून इमोबिलायझर सार्वत्रिक झाला. १९९५ साली युरोपीय निर्देश निघाला. १९९८ पासून नव्या मोटारींना तो बंधनकारक झाला. लक्षात ठेवण्याजोगी गोष्ट ही की, बदल घडला तो चोरीचा भुर्दंड ज्याला सोसावा लागत होता त्याने हट्ट धरल्यामुळे.

६/
त्याची रीत अशी. किल्लीच्या प्लॅस्टिकच्या मुठीत एक चिप असते. तिला बॅटरी लागत नाही. किल्ली कुलपात घातली की भोवतीच्या तारेच्या वेटोळ्यातून तिला ऊर्जा मिळते. गाडी एक यादृच्छिक संख्या पाठवते. चिप आपल्या पोटातील गुप्तसंख्या वापरून त्या संख्येचे उत्तर काढते. गाडीही तोच हिशेब करते. दोन्ही उत्तरे जुळली तरच इंजिन चालू राहते. प्रश्न दर वेळी नवा, त्यामुळे कालचे उत्तर चोरून ऐकणाऱ्याला आज त्याचा उपयोग नाही.

७/
हा उपाय फळला. नेदरलँड्समधील अर्थशास्त्रज्ञ यान व्हान ऑर्स आणि बेन व्होलार्ड यांनी १९९५ ते २००८ या काळातील चोऱ्यांचा अभ्यास केला. इमोबिलायझरमुळे मोटारचोरीचे प्रमाण सरासरी सुमारे ४० टक्क्यांनी घटले, असा त्यांचा निष्कर्ष आहे. हौशी चोर, रात्री गाडी पळवून मजा मारणारी पोरे, हे मागे हटले. मैदानात उरला तो धंदेवाईक चोर, ज्याला उपकरण विकत घेणे परवडते.

८/
पहिला मोठा तडा २००५ साली उघड झाला. टेक्सास इन्स्ट्रुमेंट्सची चिप फोर्डसह अनेक कंपन्यांच्या किल्ल्यांत होती. तिची रचना गुप्त ठेवलेली होती आणि गुप्तसंख्या फक्त ४० बिटांची. म्हणजे शक्यता सुमारे १.१ लाख कोटी. आकडा डोळे दिपवणारा, पण संगणकापुढे तो किरकोळ. जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठ आणि आरएसए प्रयोगशाळेच्या संशोधकांनी रचना शोधून काढली आणि १६ चिपांचे एक यंत्र जुळवून तासाभराच्या आत गुप्तसंख्या हुडकली.

९/
एवढे जाहीर झाल्यावर ती पद्धत अडगळीत जायला हवी होती. २०१८ साली बेल्जियममधील ल्यूव्हेन विद्यापीठाच्या संशोधकांनी टेस्ला मॉडेल एस या अत्याधुनिक विजेरी गाडीची किल्ली उघडून पाहिली. आत तीच ४० बिटांची पद्धत होती, तेरा वर्षांपूर्वी मोडलेली. आगाऊ करून ठेवलेल्या गणिताच्या तक्त्याच्या आधारे त्यांनी काही सेकंदांत किल्लीची नक्कल केली. किल्ली पुरवठादाराकडून आलेली होती. टेस्लाने नवी किल्ली आणि गाडी चालू करण्यासाठी पिन क्रमांकाची सोय दिली.

१०/
आता २०१३ च्या खटल्याकडे. बर्मिंगहॅम विद्यापीठाचे फ्लाव्हिओ गार्सिया आणि नाइमेखनच्या राडबाउड विद्यापीठाचे रोएल व्हर्डुल्ट व बारिश एगे यांनी मेगामोस क्रिप्टो या चिपचा अभ्यास केला होता. पोर्शे, ऑडी, बेंटली, लॅम्बोर्गिनी अशा महागड्या गाड्यांतही ती होती. गुप्तसंख्या ९६ बिटांची, म्हणजे वरवर पाहता अभेद्य. पण आतला हिशेब त्याहून तोकडा निघाला, आणि काही गाड्यांत तर गुप्तसंख्येचा बराचसा भाग अंदाजाने सांगता येईल असा ठेवलेला होता.

११/
संशोधकांनी २०१२ च्या नोव्हेंबरमध्येच चिप बनवणाऱ्या कंपनीला कळवले होते. चिपची गुप्त पद्धत त्यांना मिळाली ती किल्लीच्या नकला करणाऱ्या एका सॉफ्टवेअरमधून, आणि ते सॉफ्टवेअर २००९ पासून इंटरनेटवर उपलब्ध होते. मनाईहुकूम मात्र निबंधावर आला. अखेर २०१५ च्या ऑगस्टमध्ये, एक वाक्य वगळून, निबंध प्रसिद्ध झाला. दोन वर्षे अंधारात राहिला तो गाडीचा मालक. ज्याला सॉफ्टवेअर कोठे मिळते हे ठाऊक होते, त्याचे काहीच अडले नव्हते.

१२/
या साऱ्या चिपांत एक दडलेले संरक्षण होते. किल्ली कुलपात घालावीच लागे. चिप आणि गाडी यांत अंतर असे ते काही सेंटिमीटरांचे. १९९० च्या दशकाच्या अखेरीस मर्सिडीजच्या एस-क्लास गाडीत किल्ली खिशातच ठेवून दार उघडण्याची आणि बटण दाबून इंजिन सुरू करण्याची सोय आली. हळूहळू ती साध्या गाड्यांपर्यंत पोहोचली. या सोयीबरोबर एक गृहीतक आले: सिग्नल पोहोचला, म्हणजे किल्ली जवळच असली पाहिजे.

१३/
हे गृहीतक कसे फसते, याचे सुंदर कोडे गणितज्ञ जॉन कॉनवे यांनी १९७६ सालीच मांडले होते. बुद्धिबळाचे जेमतेम ज्ञान असलेली एक मुलगी दोन ग्रँडमास्टरांशी एकाच वेळी पत्राने डाव मांडते. एकाशी पांढऱ्या, दुसऱ्याशी काळ्या सोंगट्यांनी. पहिल्याची चाल ती दुसऱ्याला कळवते, दुसऱ्याची पहिल्याला. वास्तविक ते दोघे एकमेकांशीच खेळत असतात. मुलगी दोन्ही डाव हरणे अशक्य. तिला खेळ येण्याची गरजच नाही. निरोप पोहोचवता आला की पुरे.

१४/
मोटारचोर नेमके हेच करतो. एक जण अँटेना घेऊन घराच्या दाराशी उभा राहतो, दुसरा गाडीपाशी. गाडीचा अशक्त सिग्नल पहिल्या पेटीतून दुसऱ्या पेटीत आणि तेथून भिंतीपलीकडच्या किल्लीपर्यंत जातो. किल्ली इमानाने खरे उत्तर देते, ते गाडीपर्यंत पोहोचते, दार उघडते. कूटलेखन कितीही भक्कम असो, येथे कोणी ते मोडतच नाही. एकदा सुरू झालेले इंजिन किल्ली दूर गेली म्हणून बंद पडत नाही. भर रस्त्यात गाडी बंद पडणे जिवावर बेतेल, म्हणून ती तशीच घडवलेली असते.

१५/
२०११ साली झुरिकच्या ईटीएच संस्थेतील फ्रान्सिलॉन, दानेव आणि चापकून यांनी आठ कंपन्यांच्या दहा मॉडेलांवर हा प्रयोग केला. दहाही उघडली. त्यावरचा उपाय कागदावर तेव्हाही होता: १९९३ साली स्टेफान ब्रँड्स आणि डेव्हिड चाउम यांनी, उत्तर यायला लागलेला वेळ मोजून अंतर ठरवण्याची पद्धत सुचवली होती. प्रकाश एका नॅनोसेकंदात सुमारे ३० सेंटिमीटर जातो. सिग्नल लांबचा फेरा घेऊन आला तर उशीर होणारच, आणि तो उशीर लपवता येत नाही.

१६/
हा उपाय गाडीच्या किल्लीत यायला पाव शतक लागले. २०१८ मध्ये जग्वार लँड रोव्हरने अल्ट्रा-वाइडबँड तंत्राच्या किल्ल्या आणल्या. ही कंपनी २००८ पासून मुंबईच्या टाटा मोटर्सच्या मालकीची आहे. पण रस्त्यावरच्या जुन्या गाड्या जुन्याच राहिल्या. ब्रिटनमध्ये रेंज रोव्हर चोरांच्या इतकी डोळ्यांवर आली की काही विमा कंपन्यांनी तिचा विमा उतरवायलाच नकार दिला. शेवटी २०२३ च्या नोव्हेंबरमध्ये, आधी विकलेल्या गाड्यांची सुरक्षा सुधारण्यासाठी कंपनीने एक कोटी पौंडांची तरतूद जाहीर केली.

१७/
किल्लीची वाट अरुंद होऊ लागताच चोरांनी किल्लीलाच वगळले. गाडीतील संगणक एकमेकांशी ज्या तारांवरून बोलतात, ती कॅन ही व्यवस्था बॉश कंपनीने १९८६ साली जगापुढे मांडली. तेव्हा प्रश्न होता तारांचा पसारा कमी करण्याचा. घरातल्या घरात बोलणाऱ्यांनी ओळखपत्र दाखवावे, हे कोणाच्या मनात आले नाही. २०२३ मध्ये सविस्तर उलगडलेल्या पद्धतीत चोर समोरच्या दिव्याजवळची तार उघडी करून त्यात उपकरण जोडतो. 'किल्ली तपासली, खरी आहे' असा खोटा निरोप ते उपकरण आत सोडते. गाडी विश्वास ठेवते.

१८/
ही उपकरणे घडवणारा आणि वापरणारा वेगळा असतो. २०२२ च्या ऑक्टोबरमध्ये युरोपोलने फ्रान्स, स्पेन आणि लॅटव्हिया येथील कारवाईत ३१ जणांच्या अटकेची माहिती दिली. त्यांत सॉफ्टवेअर रचणारे होते, विकणारे होते आणि गाड्या पळवणारेही होते. माल विकला जात होता तो 'गाडीतील दोष तपासण्याचे साधन' या नावाने. चोराला गणित येण्याची गरज उरलेली नाही. बुद्धिबळ न येणाऱ्या त्या मुलीसारखेच.

१९/
म्हणून चिपच निरुपयोगी, असे मात्र नाही. अमेरिकेत इमोबिलायझर कायद्याने सक्तीचा नव्हता, आणि किया व ह्युंदाईच्या २०११ ते २०२१ मधील अनेक गाड्यांत तो बसवलाच गेला नाही. २०२२ मध्ये त्या उघडण्याची युक्ती चित्रफितींतून पोरांच्या हाती गेली. २०२३ च्या फेब्रुवारीपर्यंत सरकारी नोंदीनुसार किमान १४ अपघात आणि ८ मृत्यू झाले होते. सुमारे ८३ लाख गाड्यांना सॉफ्टवेअर द्यावे लागले. शेजारच्या कॅनडात २००७ पासून इमोबिलायझर बंधनकारक होता. तेथे ही लाट उसळली नाही.

२०/
या इतिहासात शोध कधीच उशिरा लागलेला नाही. कोडे १९७६ चे, उपाय १९९३ चा, प्रत्यक्ष प्रयोग २०११ चा. उशीर झाला तो दोष मान्य करण्यात. कारण स्पष्ट आहे: चिप निवडतो निर्माता, आणि भुर्दंड सोसतो मालक. वाढलेला विम्याचा हप्ता त्याचा, पोलीस चौकीचे हेलपाटे त्याचे. काच फुटलेली नसते, कुलूप मोडलेले नसते, दोन्ही किल्ल्या घरात असतात. गाडी चोरीलाच गेली हे पटवून देण्याचे ओझेही त्याच्यावरच.

२१/
पितळी कुलूप कमकुवत ठरले तर ते बदलणारा कारागीर गल्लीत सापडत असे. गाडीच्या पोटातील चिप मालकाला तशी बदलता येत नाही, आणि गाडी तर पंधरा-पंधरा वर्षे रस्त्यावर राहते. म्हणून ब्रिटनमध्ये आणि कॅनडात मालकांनी जुन्या उपायांचा आसरा घेतला आहे: स्टिअरिंगला लोखंडी दांडा, आणि रात्री किल्ली बंद पत्र्याच्या डब्यात. धातूच्या भिंतीतून सिग्नल जात नाही, एवढे भौतिकशास्त्र त्या डब्याला पुरते. निर्मात्याने करायचे काम तूर्त तो डबा करतो आहे.