दंडार आणि नाट्येतिहासाचा आरंभ

मराठी नाटकाचा इतिहास लिहावयास बसलें म्हणजे लेखणी प्रथम सांगलीस थांबते. विष्णुदास भाव्यांचें 'सीतास्वयंवर' १८४३ सालीं तेथें झालें, आणि तोच आरंभ असें आपण शाळेपासून घोकीत आलों. पुढें तंजावरच्या भोसले राजांचीं त्याहून जुनीं नाटकें उजेडांत आलीं व हा आरंभ सुमारें दीडशें वर्षें मागें सरकला. तें शक्य झालें, कारण त्यांच्या पोथ्या सरस्वतीमहाल ग्रंथालयांत टिकून होत्या. ज्या नाट्याची पोथीच नाहीं त्याची वाट काय?

हा प्रश्न इटियाडोहच्या परिसरांत विशेषेंकरून सुचतो. गोंदिया जिल्ह्याच्या अर्जुनी-मोरगांव तालुक्यांत गाढवी नदीवर हें धरण आहे. भोंवतीं झाडीपट्टीचा धानाचा मुलूख. येथें नाट्याचा हंगाम शेतीच्या हंगामावर चालतो. धान कापणीस येतां येतां दिवाळी येते. पाडव्यास गायगोधन होतें. गोवारी लोक ढालीची पूजा करून वाद्यांच्या नादावर नाचतात. मग गांवोगांव मंडई भरते, आणि मंडईंत दंडार उभी राहते.

दंडारींत स्त्रियांच्या भूमिकाही परंपरेनें पुरुषच करीत आले. आरंभीं देवतावंदन, मग ढोलकी-टाळांचा ठेका, समूहाचें गाणें, पदन्यास, आणि या सर्वांच्या ओघांत कथा. कथेला शोभा यावी म्हणून संगीत घातलें आहे असें तेथें वाटत नाहीं. आधीं नाद उठतो, कथा त्याच्या मागून येते. भाव्यांच्या खेळांतही गणपति-सरस्वती प्रथम अवतरत, सूत्रधार पदें गाई, आणि पात्रें आपलीं भाषणें बहुधा आयत्या वेळीं रचीत. म्हणजे ज्याला आपण आरंभ म्हणतों, तो दंडारीचा जवळचा नातलगच होय.

छापील संवादाचें प्रस्थ वाढल्यावर या नात्याची आठवण बुजली. १९७२ सालीं विजय तेंडुलकर, जब्बार पटेल आणि भास्कर चंदावरकर यांनीं 'घाशीराम कोतवाल' मध्यें देवस्तवन, कीर्तन व ओळीनें उभ्या नटांचा मानवी पडदा योजिला, तेव्हां पुणेकर प्रेक्षक चकित झाले. त्या यशाचें मोल मी कमी लेखीत नाहीं. भजनाच्या सुरांतूनच सत्तेचें क्रौर्य उघडें करणें हा त्या नाटकाचा स्वतंत्र हेतु होता; तो दंडारीवर लादणें अन्यायाचें होईल. परंतु विधि आणि नाद यांतून नाट्य उभारणाऱ्या नागर कलावंतास आपण 'प्रायोगिक' म्हणून इतिहासांत अध्याय देतों, आणि तेंच द्रव्य पिढ्यान्‌पिढ्या हाताळणाऱ्या शेतकरी नटास 'लोककला' या सदरांत एक परिच्छेद, हा भेद गुणाचा नसून कागदाचा आहे.

आज झाडीपट्टींत वडशाच्या नाटक मंडळ्यांचीं रात्रभर चालणारीं नाटकें दिवाळीनंतर गर्दी खेंचतात. दंडार मागें पडली आहे. डॉ. हरिश्चंद्र बोरकरांसारख्या अभ्यासकांनीं या लोकरंगभूमीविषयीं लिहिलें, हें आपलें भाग्य. पण शब्द टिपले तरी ठेका टिपावयाचा राहतो, आणि तो जाणणारा वृद्ध ढोलकीवाला गेला कीं त्याची पोथी कोणत्याही ग्रंथालयांत सांपडणार नाहीं. आपल्या विद्यापीठांनीं दर दिवाळीस चार विद्यार्थी ध्वनिमुद्रणयंत्रासह मंडईस पाठविले, तर तंजावरच्या पोथ्यांनीं केलें तें काम पुन्हां एकदां होईल.