पणजोबांचा गुत्ता

आपल्या कुळाचा इतिहास शोधूं लागलें म्हणजे मनुष्य प्रथम वाडा, वतन, सनद यांच्याकडे धांवतो. माझा शोध मात्र मला दारूच्या एका गुत्त्यापर्यंत घेऊन गेला. लहानपणीं 'पणजोबांचें दुकान होतें' एवढेंच आम्ही ऐकलें होतें. तें कशाचें, हें विचारण्याची सोय नव्हती. शाळेंतून निवृत्त झाल्यावर मीं तो प्रश्न वृद्ध आत्याबाईंपुढें ठेवला. त्या म्हणाल्या, "मोहाच्या दारूचं होतं, बाबू. तुझे आजोबा तें नांव घरांत काढूं देत नसत."

'गुत्ता' या शब्दाचा मूळ अर्थ मक्ता असा आहे, आणि या शब्दांतच सारी कथा सांठविलेली आहे. १८५३ सालीं तिसरे रघूजी भोसले निपुत्रिक वारले व नागपूरच्या राज्याबरोबर चांदाहि इंग्रजांकडे गेला; १८६१ सालीं तो मध्यप्रांताचा भाग झाला. दारू गाळण्याचा व विकण्याचा हक्क सरकार लिलावानें देई आणि ज्याची बोली मोठी, त्याची भट्टी लागे. चैत्राच्या पहाटे गळणारीं मोहाचीं फुलें गोंड बायका वेंचीत, वाळवीत. अडचणीच्या दिवसांत तें अन्न होई, आणि देवाला व लग्नकार्याला त्यांचीच दारू लागे. मक्ता आल्यावर घरीं दारू गाळणें हा गुन्हा ठरला. आपल्याच झाडाच्या फुलांची दारू गुत्त्यावरून विकत घेण्याची पाळी आली.

सरकारचें उत्पन्न म्हटलें कीं कागद आलाच. ज्यांना असा शोध घ्यावयाचा असेल, त्यांनीं अबकारीच्या कागदांवरच थांबूं नये. जमीन कोणाच्या नांवें होती, हें बंदोबस्ताच्या मिसलींत कळतें. गांवचे रिवाज वाजिब-उल-अर्जांत सांपडतात. जन्ममृत्यूच्या नोंदी कोतवाल-बुकांत असतात. मला मात्र मुख्य पुरावा घरच्याच पेटींत मिळाला. एका वहींत उधारीचीं नांवें होतीं, आणि तिच्याखालीं एक गहाणखत. त्यावर एका गोंड शेतकऱ्याचा अंगठा होता. वहींतील त्याचें देणें दारूचें होतें. आदिवासींच्या जमिनीच्या हस्तांतरास बंधन घालणारा कायदा मध्यप्रांतांत १९१६ सालीं झाला. आमचें गहाणखत त्याच्या आधींचें.

तेव्हां मी वैनगंगेपलीकडील त्या गांवीं गेलों. आमच्या वहींत त्या घराच्या वाट्याला केवळ एक नांव व एक रक्कम आली होती. त्या शेतकऱ्याच्या नातवानें मला बांधावर नेलें व झाडें दाखविलीं. तो म्हणाला, "हे मोह आमच्या आज्यानं राखले. फूल आमचं, दारू तुमची, आणि शेतबी तुमचंच झालं." त्याच्या बोलण्यांत राग नव्हता. मला उत्तर सुचलें नाहीं. तें शेत आमच्या घराण्यानें फार पूर्वींच विकून टाकलेलें. परत देण्यासारखें माझ्या हातीं कांहीं नव्हतें.

गडचिरोली १९८२ सालीं वेगळा जिल्हा झाला व लोकांच्या चळवळीनंतर १९९३ सालीं तेथें दारूबंदी आली. चंद्रपुरांत ती २०१५ सालीं आली आणि २०२१ सालीं उठली. बंदी असावी कीं नसावी, याचा वाद घरोघर चालतो. त्या वादांत पिणाऱ्याचा दोष पुष्कळ सांगितला जातो. लिलावांत बोली बोलणाऱ्यांचीं घराणीं मात्र, आमच्याप्रमाणेंच, 'दुकान होतें' एवढें सांगून गप्प बसतात.

आमच्या वंशावळींत पणजोबांच्या नांवापुढें 'व्यापार' असें लिहिलेलें होतें. मीं तें खोडून 'मोहाच्या दारूचा गुत्ता' असें लिहिलें आहे, आणि त्याखालीं त्या शेताचा व ज्याचा अंगठा गहाणखतावर आहे त्या शेतकऱ्याचा उल्लेख केला आहे. घरांतील कांहीं मंडळींना हें रुचलें नाहीं. परंतु आतां नातवंडांनीं विचारलें, तर दुकान कशाचें होतें हें त्यांना सांगतां येईल.